आमच्या ४०७ चे दुसरे इंजिन : त्रेसष्ट दिवसांची हकिकत

७ नोव्हेंबर २०२४ रोजी, दिवाळी संपून चार दिवस झाले असताना, आमची टाटा ४०७ महापे–शीळफाटा रस्त्याच्या चढणीवर बंद पडली. वाशीच्या दाणाबाजारातून डोंबिवलीच्या तीन दुकानांसाठी तांदूळ आणि डाळीची पोती भरली होती, वजन दोन टनांच्या आत होते. आमचे चालक, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, त्यांनी फोनवर एवढेच सांगितले, "ताई, आतून कोणी हातोडी मारत असल्यासारखा आवाज आला, मग मोठा धडाका झाला आणि खाली सगळे ऑइल सांडले आहे."

ही गाडी माझ्या वडिलांनी २००८ साली घेतली. २०१९ मध्ये त्यांची बायपास झाल्यावर हिशेब, विमा, कर आणि ग्राहक माझ्याकडे आले, मात्र इंजिन कधीच माझ्याकडे आले नव्हते. बॉनेटखाली काय असते हे मला त्या दिवसापर्यंत जेमतेम माहीत होते. म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे, कारण एका गाडीवर घर चालवणाऱ्या माणसाला गॅरेजमध्ये आणि परिवहन कार्यालयात जे प्रश्न पडतात ते मला एकेक करून, बहुतेक वेळा उशिरा, पडत गेले.

चुकीची सुरुवात माझ्यापासून झाली, हेही सांगून टाकते. ऑक्टोबरच्या मध्यापासून ऑइलचा दिवा चढणीवर मधूनच लुकलुकतो असे दादांनी दोनदा सांगितले होते. दिवाळीचा हंगाम होता, रोज दोन फेऱ्या होत होत्या, आणि मी "दिवाळी झाली की सर्व्हिसिंग करू" असे म्हणून विषय संपवला. मागच्या सीलमधून ऑइल गळत होते, पातळी उतरत होती आणि वर ओतून काम भागवले जात होते.

गाडी दुसऱ्या टेम्पोला लोखंडी रॉडने जोडून तुर्भ्याच्या गॅरेजपर्यंत ओढून आणायला तीन हजार रुपये लागले, आणि माल दुसऱ्या गाडीत चढवून त्याच रात्री पोहोचवला. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या मिस्त्रींनी, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, खालचे चेंबर उतरवले तेव्हा मी तिथे होते. चेंबरच्या तळाशी उरलेल्या काळ्या ऑइलमध्ये बेअरिंगचे चंदेरी कपटे आणि पिस्टनचे तुकडे पडले होते. तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, तुटून ब्लॉकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याची, भिंत फोडून बाहेर आला होता, आणि त्या भोकातून माझी तीन बोटे सहज आत जात होती. उस्तादांनी टॉर्चचा उजेड त्या भोकातून आरपार दाखवला आणि काहीच बोलले नाहीत.

पर्याय तीन होते. गाडी भंगारात द्यायची, तर ९५ हजार मिळत होते. तयार, बांधून दिलेले इंजिन बदल्यात घ्यायचे, तर बसवण्यासकट दोन लाख दहा हजारांचा अंदाज मिळाला. तिसरा पर्याय म्हणजे त्याच जातीचे जुने इंजिन शोधायचे, ते उघडून नव्याने बांधायचे आणि आपल्या गाडीत बसवायचे. या वर्गातली नवी गाडी तेव्हा दहा लाखांच्या पुढे जात होती आणि तिचा हप्ता आमच्या तीन ग्राहकांच्या जोरावर मी भरू शकले नसते. त्यामुळे तिसरा पर्याय ठरला आणि दीड लाखाची मर्यादा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली.

इथे एक गोष्ट आधी समजून घेतलेली बरी. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर ठोकलेला असतो. क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा), पिस्टन, हेड (ब्लॉकवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग), पंप यांपैकी काहीही बदलले तरी ब्लॉक तोच असेल तर कागदोपत्री इंजिन तेच राहते आणि परिवहन कार्यालयाचा संबंध येत नाही. ब्लॉक बदलला की क्रमांक बदलतो, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र बदलते. आमच्या ब्लॉकला पडलेले भोक क्रँक बसते त्या भागापर्यंत तडकत गेले होते, म्हणून तो सांधून घेण्याचा विचार उस्तादांनी आणि नंतर लेथवाल्यांनीही (इंजिनाचे भाग यंत्रावर घासून-कापून देणाऱ्यांनी) मोडीत काढला. तुमचा ब्लॉक वाचण्यासारखा असेल, तर थोडा जास्त खर्च करूनही तो वाचवावा असे माझे मत आहे, कारण पुढे कागदांत गेलेले दिवस मी मोजले आहेत.

पुढचा आठवडा कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार, कळंबोली आणि शीळफाट्याच्या आसपासची गोदामे यांत गेला. आमचे इंजिन चार सिलिंडरचे, २९५६ सीसीचे, ४९७ मालिकेतले. या आकड्यात चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, लपलेला आहे हे मला पहिल्याच दिवशी एका दुकानदाराने समजावून सांगितले, आणि त्यानंतर मी दुकानात शिरताना थोडी कमी घाबरू लागले. एका गोदामात ३८ हजारांना इंजिन मिळत होते. बाहेरून स्वच्छ होते, पण ज्या सपाट पट्टीवर क्रमांक असायला हवा तिथे ग्राइंडर फिरवल्याच्या ताज्या रेघा होत्या. मी विचारल्यावर विक्रेता सहजपणे म्हणाला, "तुमच्या गाडीचा नंबर द्या ना ताई, तोच मारून देतो, पाचशे रुपये. कुठे आरटीओत चकरा मारता?" सांगायला लाज वाटते, पण घरी येईपर्यंत मी त्यावर विचार केला. बाबांनी ऐकल्यावर फक्त विचारले, "ते इंजिन कोणाच्या गाडीतून काढले आहे, हे तुला माहीत आहे का?" विषय तिथेच मिटला. क्रमांक खोडलेले इंजिन चोरीच्या गाडीचे असू शकते आणि ते आपल्या गाडीत सापडले तर पाचशे रुपये घेणारा माणूस जबाब द्यायला येत नाही.

दुसरे इंजिन १६ नोव्हेंबरला पाहिले. किंमत ५२ हजार, पंप आणि स्टार्टर वगळून. क्रमांक स्पष्ट होता, विक्रेता पक्के बिल देत होता, आणि ज्या गाडीतून ते काढले होते तिची नोंदणी रद्द झाल्याच्या पत्राची प्रत त्याच्याकडे होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' या ऑनलाइन सेवेत इंजिन क्रमांक टाकून तो चोरीच्या नोंदीत आहे का हे पाहता येते. मी गोदामातच उभी राहून मोबाइलवर ते पाहिले आणि तो अहवाल छापून ठेवला.

गोदामात पडलेले इंजिन चालू करून पाहता येत नाही, तेव्हा उस्तादांनी ते कसे तपासले ते सांगते. आधी क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवले, कुठे अडते का ते पाहिले. मग खालचा बोल्ट काढून चमचाभर ऑइल माझ्या वहीच्या कोऱ्या पानावर ओतले आणि पान उन्हात तिरके धरले. ऑइल दुधाळ असते तर पाणी शिरलेले, चमचमते असते तर बेअरिंग गेलेले. आमचे काळे होते, जुने होते, पण चमकत नव्हते. त्या पानावरचा डाग अजून वहीत आहे आणि पुढची दहा पाने त्याने तेलकट केली आहेत. इंजिन "चालू गाडीतून काढलेले" आहे हे प्रत्येक विक्रेता सांगतो, त्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. आपण ते उघडून बांधणारच आहोत असे गृहीत धरूनच भाव करावा.

दहा हजार आगाऊ दिले आणि सोमवारी, १८ नोव्हेंबरला, परिवहन कार्यालयात चौकशीला गेले. हा क्रम उलटा असायला हवा होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. राज्य सरकार अधिसूचना काढून किमान दहा व्यावसायिक वाहने असलेल्या मालकांना त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन परवानगीशिवाय बदलण्याची मुभा देऊ शकते, आणि अशा मालकाने चौदा दिवसांच्या आत बदल कळवायचा असतो. "बसवून टाका, चौदा दिवसांत सांगा" असा जो सल्ला गॅरेजमध्ये ऐकायला मिळतो तो इथून आलेला आहे. आमच्यासारख्या एका गाडीच्या मालकाने आधी अर्ज करायचा, परवानगी घ्यायची, मग इंजिन बसवायचे आणि शेवटी गाडी दाखवायची. खिडकीवरच्या बाईंनी हे मला शांतपणे समजावले, आणि माझे प्रमाणपत्र पडद्यावर पाहून विचारले, "कर्ज फिटले का तुमचे?"

कर्ज २०१३ साली फिटले होते. बाबांनी शेवटचा हप्ता भरला, पेढे वाटले आणि बँकेचा बोजा नोंदणीवरून उतरवायचे राहून गेले. अकरा वर्षे त्याने काही अडले नाही. आता बोजा दिसत असताना बदलाचा अर्ज पुढे जाईना, कारण कर्ज देणाऱ्याची संमती हवी होती, किंवा मग बोजा उतरवायला हवा होता. बँकेचे २०१३ चे ना हरकत पत्र फाइलमध्ये सापडले, पण इतके जुने पत्र चालणार नव्हते. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान असल्याने सुट्टी होती. २१ ला बँकेत गेले, तर कर्ज ज्या शाखेत होते ती दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती. नव्या पत्रासाठी आणि नमुना ३५ वर सही-शिक्क्यासाठी तीन फेऱ्या झाल्या. २७ ला कागद हातात आले, २ डिसेंबरला ते दाखल केले आणि ९ डिसेंबरला बोजा उतरल्याचा संदेश मोबाइलवर आला. तुमचे कर्ज फिटले असेल आणि बोजा अजून तसाच असेल, तर गाडी धडधाकट असतानाच तो उतरवून घ्या.

हे चालू असताना इंजिन थांबून नव्हते. ५२ हजारांतले उरलेले पैसे देऊन, २,८०० रुपये भाड्याने, ते २३ नोव्हेंबरला गॅरेजमध्ये आणले आणि सुटे केले. आता एका इंजिनाच्या किमतीत आमच्याकडे दीड इंजिनाचे भाग होते आणि खरी काटकसर इथे सुरू झाली. आमचे हेड फेब्रुवारीतच दुरुस्त केले होते, डिझेल पंप चांगला होता, फ्लायव्हील आणि स्टार्टर आपलेच वापरायचे होते. दोन्ही हेड पावणे गावच्या एमआयडीसीतल्या लेथवर पाण्याच्या दाबाखाली तपासली. विकत आणलेल्या हेडमध्ये दोन व्हॉल्व्हच्या मधे केसासारखी चीर निघाली, आमचे हेड तुटलेल्या पिस्टनचा मार खाऊनही एका वाकड्या व्हॉल्व्हवर निभावले.

क्रँकचे उलटे झाले. आमचा क्रँक सोळा वर्षांत एकदाही ग्राइंड झालेला नव्हता, म्हणून तोच वापरावा अशी माझी इच्छा होती. लेथवाले काका म्हणाले, "सहाशे रुपये खर्च कर, चीर तपासू, मग ठरव." चुंबकीय तपासणीत तिसऱ्या जर्नलच्या, म्हणजे बेअरिंग बसते त्या गोल भागाच्या, कोपऱ्यात बारीक रेघ उमटली. डोळ्यांना ती दिसत नव्हती, नखाला लागत नव्हती. दुसऱ्या इंजिनाचा क्रँक आधीच अर्ध्या मिलिमीटरने ग्राइंड केलेला होता, म्हणजे काकांच्या भाषेत, इंचाच्या हजाराव्या भागांत मोजून, 'वीस'मध्ये होता; तो 'तीस'मध्ये नेला, ०.७५ च्या बेअरिंग आणल्या. यापुढे या क्रँकला फारसे आयुष्य नाही, पुढच्या वेळी नवाच घ्यावा लागेल, हे काकांनी बिलावरच लिहून दिले. ग्राइंडिंगला २,६०० आणि बेअरिंगला ३,९०० लागले.

लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) आणि पिस्टनचा संच १६,४०० रुपयांना आला. जुने लायनर काढून नवे दाबून बसवणे, बोअर करणे आणि होनिंग (आतून दगडाने घासणे) यांचे ४,८०० झाले. होनिंगनंतर सिलिंडरच्या आत एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. या रेघांत ऑइल धरून राहते आणि रिंगा त्यांवर घासून बसतात, म्हणून तो भाग आरशासारखा गुळगुळीत असणे हा दोष असतो. मला वाटले होते की काम अपुरे राहिले आहे, आणि मी तसे बोलूनही दाखवले. काका हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण.

एका जागी मी हट्ट धरला आणि तो बरोबर ठरला. ऑइल कूलर आमचा चांगला दिसत होता आणि उस्तादांच्या मते डिझेलने धुऊन चालला असता. पण आमच्या इंजिनाच्या बेअरिंगचा चुरा ज्या ऑइलबरोबर फिरला होता ते त्याच कूलरमधून गेले होते. त्याच्या अरुंद नळ्यांत अडकलेला कपटा उद्या सुटला तर तो सरळ नव्या बेअरिंगमध्ये जाणार. तीन हजार आठशे रुपयांना नवा घेतला. जुना रिकामा करून पांढऱ्या कापडावर आपटला तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढे दोन चंदेरी तुकडे पडले, आणि त्यानंतर ऑइल पंपही नवा घेण्याबद्दल कोणी वाद घातला नाही.

ब्लॉक लेथवरून आला की तो स्वच्छच असेल असे समजू नये. उस्तादांनी ऑइलच्या मुख्य वाटेची दोन्ही टोकांची बुचे काढली, बाटली धुण्याच्या लांब ब्रशने आणि डिझेलने ती वाट आतून घासली, मग कॉम्प्रेसरची हवा मारली. पहिल्या दोन वेळा काळा गाळ आला, त्यात होनिंगची करकरीत धूळ होती. चौथ्या वेळी कापड पांढरे राहिले. या कामाला अर्धा दिवस गेला आणि बिलात त्याचा वेगळा उल्लेख नाही.

९ ते १४ डिसेंबर जुळणी झाली. मी संध्याकाळी कामावरून परतताना तासभर तिथे थांबत असे आणि टॉर्च धरण्याचे काम माझ्याकडे होते. पिस्टनवर चढवण्याआधी उस्ताद प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये ठेवत, उलट्या पिस्टनने ती सरळ खाली ढकलत, आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेजचे, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांतले, पान घालून पाहत. ०.३५ मिलिमीटरचे पान जरासे अडत, लोण्यातून सुरी जावी तसे जायचे. तिसऱ्या सिलिंडरच्या दुसऱ्या रिंगेत ०.६० चे पान मोकळे हलले. खोक्यावर क्रमांक बरोबर होता, आत एक रिंग चुकीची भरली गेली होती. ती बदलून मिळायला दोन दिवस गेले. ती तशीच चढली असती तर कळले असते ते धूर आणि ऑइलच्या खपावरून, आणि तेव्हा पुन्हा सगळे उघडावे लागले असते. हेडचे बोल्ट उस्ताद एरवी हाताच्या अंदाजाने आवळतात. तीस वर्षांचा तो अंदाज चुकीचा आहे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही, तरी काकांकडून टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, उसना आणला, आणि उस्तादांनी थोडा राग दाखवून का होईना, तीन टप्प्यांत मधून बाहेर या क्रमाने सगळे बोल्ट त्यानेच आवळले.

बदलाचा अर्ज १० डिसेंबरला दाखल झाला होता. सोबत नव्या इंजिनाचे बिल, ज्या गाडीतून ते आले तिच्या नोंदणी रद्दीची प्रत, वाहन समन्वयचा अहवाल, विमा, पीयूसी, योग्यता प्रमाणपत्र आणि भरलेल्या करांच्या पावत्या होत्या. आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक वाहनाला पर्यावरण कर असतो. तो भरलेला होता, नाहीतर आणखी एक आठवडा गेला असता. परवानगी १७ तारखेला मिळाली. त्याआधीचे तीन दिवस इंजिन तयार होऊन स्टँडवर झाकून ठेवलेले होते आणि उस्तादांना त्याची जागा हवी होती. रोज सकाळी ते फोन करून "मॅडम, काय झाले?" असे विचारत. एरवी ते मला ताई म्हणतात.

१८ ते २० डिसेंबर बसवण्याचे काम झाले. चेन कप्पीला इंजिन टांगलेले असताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवे घातले, ७,२०० रुपये. हे जुने चालले असते, पण ते बदलण्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी त्याहून फार कमी नाही. इंजिनाखालची फाउंडेशन रबरे १,४०० ची, तीही त्याच कारणाने. डिझेल पंपाची तपासणी आणि चार नोझल यांना ९,५०० लागले, रेडिएटर आतून साफ करायला दोन हजार.

शनिवार, २१ डिसेंबर. इंधन बंद ठेवून आधी नुसते स्टार्टरने इंजिन फिरवले, ऑइलचा दाब काट्यावर दिसेपर्यंत. मग डिझेलच्या फिल्टरवरचा हातपंप मारून हवा काढली. बुडबुडे येत राहिले, थांबले, पुन्हा आले. बाबांना रिक्षाने आणले होते आणि ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन पेटले, पांढरा धूर सोडला, अर्धा मिनिट अडखळले आणि मग एका लयीत आले. बाबांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "टॅपेट जरा ढिले आहेत." म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातली फट जास्त होती, आणि तेही खरे निघाले.

रात्रभर आयडलवर चालू ठेवून इंजिन 'बसवायचे' असा उस्तादांचा रिवाज. काका त्याच्या विरोधात होते: बिनभाराचे इंजिन तासन् तास चालले तर सिलिंडरची ती जाळी गुळगुळीत होते आणि रिंगा नीट बसत नाहीत, म्हणून ते गरम करावे आणि हलक्या भाराने रस्त्यावर काढावे. मी काकांचे ऐकले. तपासणी होईपर्यंत माल भरायचा नव्हता, म्हणून परवानगीचे पत्र जवळ ठेवून चार दिवस रिकामी गाडीच ठाणे–बेलापूर रस्त्यावर थोडी थोडी फिरवली. नवे पीयूसी काढले. आमच्या वयाच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा २.४५ आहे, आमचा आकडा १.३८ आला.

२७ डिसेंबरची तपासणी मात्र लाजिरवाणी ठरता ठरता राहिली. गॅरेजमधल्या मुलाने, काम सुबक दिसावे म्हणून, संपूर्ण ब्लॉक चंदेरी रंगवला होता, क्रमांकाच्या पट्टीसकट. निरीक्षक वाकले, टॉर्च मारला आणि म्हणाले, "नंबर कुठे आहे?" अक्षरांच्या खाचा रंगाने भरून गेल्या होत्या. दादा पाना घेऊन खरवडायला धावले तेव्हा निरीक्षकांनीच त्यांना थांबवले, कारण पट्टीवर ओरखडे उठले असते तर छेडछाडीचा संशय आला असता. शेजारच्या टेम्पोवाल्याकडून थिनर आणि जुना दात घासायचा ब्रश मिळाला. पंधरा मिनिटे चोळल्यावर एकेक आकडा उघडा झाला, त्यावर खडू फिरवला, पातळ कागद धरून पेन्सिल घासली आणि क्रमांकाचा ठसा कागदावर उमटला. रंग द्यायचाच असेल तर पट्टीवर आधी चिकटपट्टी लावून घ्यावी, आणि पेन्सिलचे तीन-चार ठसे इंजिन बाहेर असतानाच, हात सहज पोहोचतो तेव्हा, काढून ठेवावेत.

त्यानंतर विमा कंपनीला नवा क्रमांक कळवून पॉलिसीत दुरुस्ती करून घेतली. हे अनेकजण विसरतात, आणि दाव्याच्या वेळी पॉलिसीवरचा क्रमांक आणि ब्लॉकवरचा क्रमांक जुळला नाही तर भांडत बसावे लागते. नवे नोंदणी प्रमाणपत्र ९ जानेवारी २०२५ रोजी टपालाने घरी आले.

जुना ब्लॉक आणि न लागणारे भाग विकून साडेसहा हजार आले, ते वजा करून, ओढून आणण्यापासून कागदांच्या फेऱ्यांपर्यंत एकूण खर्च १ लाख ३७ हजारांच्या आसपास झाला, त्यातले १८ हजार उस्तादांची मजुरी. यात बुडालेली कमाई धरलेली नाही. ग्राहक टिकावेत म्हणून दुसऱ्यांच्या गाड्या भाड्याने लावून माल पोहोचवत राहिले, त्यात जेमतेम बरोबरी झाली, आणि दादा तीन आठवडे दुसऱ्याची गाडी चालवत होते. बोजा आधीच उतरलेला असता आणि अर्ज पहिल्याच आठवड्यात झाला असता, तर माझ्या अंदाजाने वीस दिवस वाचले असते.

३० डिसेंबरपासून पहिले हजार किलोमीटर निम्म्याच भाराने काढले. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलले, टॅपेट पुन्हा पाहिले. काढलेला फिल्टर उस्तादांनी करवतीने कापून त्यातला कागद उलगडला आणि मी त्यावर चुंबक फिरवला. चिमूटभर करडी पूड आली, कपटा एकही नव्हता. दोन हजारांच्या फिल्टरमध्ये पूडही जवळपास नव्हती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दोन टन भरून गाडी त्याच चढणीवरून डोंबिवलीला गेली. दादा आता रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी पुसतात, पुन्हा बुडवतात, कागदावर टेकवतात आणि त्याचा फोटो मला पाठवतात. सहा वाजता, रविवारीसुद्धा. मी तो उघडून पाहते आणि मगच चहा ठेवते.